शिक्षकाचा हुरूप आणि शासनाचे धोरण

लोणावळ्याहून नागफणीच्या सुळक्याकडे निघाले की सह्याद्रीच्या माथ्यावर कुरवंडे हे गाव लागते. पावसाळ्यात धुक्याने वेढलेल्या अशा मावळी गावातील मुले शिकतात किंवा नाही, हे वरून येणाऱ्या परिपत्रकांपेक्षा वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाच्या हुरुपावर अधिक अवलंबून असते. तो हुरूप टिकविणे वा मोडणे मात्र धोरणाच्या हाती आहे.

हा विचार नवा नव्हे. १८८२ साली हंटर आयोगाला पुण्याहून पाठविलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी खेड्यातील शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याला दरमहा १२ रुपयांहून कमी वेतन नसावे, असे सुचविले होते. अधिक मुले उत्तीर्ण करणाऱ्यास वेतनाखेरीज उत्तेजनार्थ भत्ता द्यावा आणि गावचे हिशेब, टपाल यांसारखी कामे सोपवून त्याची प्रतिष्ठा वाढवावी, असेही त्यांचे म्हणणे होते. वेतन, तयारी आणि मान ही तीन अंगे त्यांनी एकत्र बांधली होती.

पुढील धोरणाने ही मोळी सोडली. महाराष्ट्राने २००० साली शिक्षणसेवक योजना आणली आणि नव्या शिक्षकाची पहिली तीन वर्षे मानधनावर ठेवली. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन प्रारंभी ३ हजार रुपये होते. २०२३ मध्ये ते १६ हजार झाले. पर्यटनाने घरभाडी चढलेल्या लोणावळ्याच्या परिसरात एवढ्या रकमेत बिऱ्हाड कसे थाटावे?

जादा कामाचेही तसेच झाले. फुले यांच्या योजनेत त्यातून मान मिळणार होता. आज त्यातून केवळ वेळ जातो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता अशैक्षणिक कामांना मनाई केली खरी; परंतु तक्ते आणि ऑनलाइन माहिती शिक्षणाच्याच नावाने येतात. त्याच कायद्यानुसार पाच इयत्ता आणि साठ मुलांपर्यंत शिक्षक दोनच. त्यांतील एक माहिती भरण्यात गुंतला, की पाचही इयत्ता दुसऱ्याच्या गळ्यात पडतात.

यावर काहींचा उपाय असा, की वेतनच निकालाशी जोडावे. इंग्लंडने १८६२ मध्ये अनुदान निकालाशी जोडले. शाळांनी परीक्षेपुरतीच घोकंपट्टी सुरू केली आणि शतक संपण्यापूर्वी ती पद्धत सोडावी लागली. जे मोजले जाते तेवढेच केले जाते, हा अर्थशास्त्राचा साधा धडा आहे. फुले यांनी मागितलेला भत्ता निश्चित वेतनाच्या वर होता, त्याच्या जागी नव्हे. हा भेद विसरता कामा नये.

कामचुकारांना शासन व्हावे, यात वाद नाही. परंतु थोड्यांच्या संशयावर सर्वांचे धोरण बेतणे हा तोट्याचा व्यवहार आहे. प्रशिक्षित शिक्षकाला पहिल्या दिवसापासून पूर्ण वेतनश्रेणी मिळावी. प्रत्येक केंद्रात माहिती भरण्यास एक लिपिक असावा. यास पैसा लागेल. पण खचलेल्या शिक्षकाची किंमत आज कुरवंड्यासारख्या गावांतील मुले मोजतात, आणि ती कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.