विक्रीकराची नोंदणी केव्हा?

कारखाना बंद पडल्यावर दुकान घालणारे कामगार आम्हांस विचारतात, "नोंदणी केव्हा करावी?" १ जुलै २०१७ पासून विक्रीकराची जागा वस्तू व सेवा कराने घेतली. महाराष्ट्रात केवळ करपात्र माल विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल सामान्यतः ४० लाखांपुढे, सेवा देणाऱ्याची २० लाखांपुढे गेली, की ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. उलाढाल म्हणजे नफा नव्हे, एकूण विक्री. करमाफ मालही तीत धरतात. रोज ११ हजारांचा गल्ला जमला, तरी वर्षात ४० लाख ओलांडतात. हाती उरते थोडेच. म्हणून वही रोजची रोज लिहावी. नोंदणी नसताना मात्र गिऱ्हाइकाकडून कर घेऊ नये. तसा घेणे म्हणजे आपल्यासारख्याच गरिबाच्या खिशाला कात्री लावणे होय.