दंतोपचारातील हयगय आणि न्यायाचा मार्ग

दातदुखीने बेजार झालेले भाविक ज्यांची मध्यस्थी मागतात, त्या संत अपोलोनियांचे दात छळकर्त्यांनी इ. स. २४९ च्या सुमारास अलेक्झांड्रियात पाडले. श्रद्धेसाठी छळ सोसणे ही त्यांची साक्ष होती. दंतवैद्याच्या हयगयीने झालेली इजाही मुकाट्याने सोसावी, असा त्याचा अर्थ नव्हे.

उपचारानंतरची प्रत्येक वेदना ही हयगय नसते. मात्र दुखरा सोडून चांगलाच दात काढला गेला, तर दाद मागता येते. शुल्क घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याच्या कक्षेत येतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. सर्वांना विनामूल्य मिळणारे उपचार त्यात येत नाहीत.

२०१९ च्या कायद्यानुसार स्वतःच्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. त्यामुळे जळगावात उपचार घेतलेला धुळ्याचा रुग्ण धुळे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. मुदत सामान्यतः दोन वर्षांची आहे. उपचाराचा खर्च पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीस शुल्क नाही. पावती, क्ष-किरण चित्रे व औषधांची चिठ्ठी जपून ठेवावी. दुसऱ्या दंतवैद्याचे लेखी मत घ्यावे.

भरपाई मागणे म्हणजे सूड नव्हे. मनाने क्षमा करावी आणि न्यायही मागावा. त्यायोगे पुढच्या रुग्णाचेही रक्षण होते.