पडेगावकरांनो, मालवणात पाण्याखाली उतरण्याआधी

महाराष्ट्रात प्रवाळ पाहायचे तर मालवण गाठावे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. पावसाळ्यात डायव्हिंग बंद असते. हिवाळ्यात पाणी त्यामानाने नितळ.

पोहता येत नसले तरी प्रशिक्षकासोबत उतरता येते. खरी कसोटी कानांची असते. दर 10 मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, आणि सुरुवातीच्या दोन-तीन मीटरमध्येच कान दडपतात. तेव्हा नाक चिमटीत धरून हलकेच हवा फुंकायची. कान मोकळे होईपर्यंत खाली जायचे नाही. दुखत असेल तर प्रशिक्षकाला हाताने खूण करा, भिडेखातर सोसू नका. श्वास मात्र कधीच रोखायचा नाही: वर येताना फुप्फुसातली हवा प्रसरण पावते आणि इजा होऊ शकते.

आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट परतीची. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. मालवणहून पडेगावला यायचे म्हणजे घाट चढणे आलेच, आणि उंचीवर हवेचा दाब कमी झाला की उरलेल्या नायट्रोजनचे रक्तात बुडबुडे होऊ शकतात. म्हणून डायव्हिंगनंतरची रात्र किनाऱ्यावरच काढा. आणि प्रवाळाला हात लावू नका. तो जिवंत प्राणी आहे, तुटला तर भरून यायला वर्षे लागतात.