कागदावर उजळलेला दिवा

संशोधन म्हटलें कीं भट्ट्या, नळ्या आणि तारा यांनीं भरलेली खोली आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. आज ज्या शास्त्रज्ञाची ओळख मी श्रोत्यांना करून देणार आहें, त्यांचें मुख्य उपकरण मात्र पेन्सिल हें होतें. हर्बर्ट क्रोमर हें त्यांचें नांव. १९२८ सालीं जर्मनींतील वायमार येथें ते जन्मले. १९५२ सालीं ग्योटिंगेन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते जर्मन टपाल खात्याच्या दूरसंदेश-प्रयोगशाळेंत दाखल झाले आणि पुढें अमेरिकेस गेले.

अर्धवाहक पदार्थांत इलेक्ट्रॉन कसे वागतात, हें ते एका साध्या आकृतीनें पाहत. आडव्या रेषेवर स्थान आणि उभ्या रेषेवर ऊर्जा मांडली कीं इलेक्ट्रॉनच्या वाटेंत कोठें चढ आहे व कोठें उतार आहे, हें तत्काळ दिसे. ज्याला ही आकृति काढतां येत नाहीं, त्याला आपण कशाविषयीं बोलतों हेंच ठाऊक नसतें, असें त्यांचें मत होतें.

या आकृतीची कसोटी १९६३ सालीं लागली. आदल्याच वर्षीं अमेरिकेंत अर्धवाहकाचा लेसर प्रथम प्रकाशला होता. इलेक्ट्रॉन रिकाम्या जागेंत पडला कीं त्याची ऊर्जा प्रकाशरूपानें बाहेर येते, हें त्याचें मर्म. परंतु तो द्रवरूप नायट्रोजनच्या, म्हणजे शून्याखालीं १९६ अंशांच्या, थंडींत ठेवावा लागे आणि तेथेंहि क्षणक्षणच चमके. साध्या हवेंत तो अखंड चालणें तत्त्वतःच अशक्य आहे, असें एका सभेंत सांगण्यांत आलें. क्रोमर यांनीं तेथल्या तेथें हरकत घेतली. दोष तत्त्वाचा नव्हता, रचनेचा होता. भाताच्या खाचराला बांध नसेल, तर कितीहि पाणी सोडलें तरी तें वाहून जातें. तशीच इलेक्ट्रॉनांची गत होत होती. मधल्या थराच्या दोन्ही बाजूंस, ज्यांत शिरण्यास इलेक्ट्रॉनला उंच पायरी चढावी लागेल असे दुसऱ्या अर्धवाहकाचे थर द्यावे, म्हणजे बांध झाला, आणि थोडक्या प्रवाहानें खाचर तुडुंब भरेल, असें त्यांनीं कागदावर दाखविलें.

हा लेख पहिल्या नियतकालिकानें परत केला, दुसऱ्यानें छापला. ज्या कंपनींत ते होते, तिनें प्रयोगासाठीं साधनें नाकारलीं. असल्या दिव्याचा व्यवहारांत उपयोग काय, हा तिचा प्रश्न! त्याच वर्षीं लेनिनग्राडमध्यें अल्फेरोव्ह व काझारिनोव्ह यांनाहि हीच कल्पना स्वतंत्रपणें सुचली होती. गॅलियम आर्सेनाइड आणि त्यांत अल्युमिनियम मिसळून होणारा पदार्थ, या दोहोंच्या अणूंमधील अंतरें जवळजवळ सारखीं असतात. म्हणून त्यांचे थर एकमेकांवर नीट बसतात. अशा थरांचा लेसर १९७० सालीं अल्फेरोव्ह यांच्या गटानें, आणि अमेरिकेंत हायाशी व पॅनिश यांनीं, खोलीच्या उष्णतामानांत अखंड चालविला.

पुढें कांचतंतूंतून संदेश धांवूं लागले आणि संगीताच्या तबकड्या प्रकाशानें वाचल्या जाऊं लागल्या, त्या याच रचनेच्या बळावर. १९६३ सालीं यांतलें कांहींच व्यवहारांत नव्हतें. मग उपयोग दाखवावा कसा? खरोखर नव्या वस्तूचे उपयोग ती वस्तूच निर्माण करते, असें क्रोमर पुढें सांगत. १९७६ पासून सांता बार्बारा येथील विद्यापीठ हीच त्यांची कर्मभूमि झाली. २००० सालीं पदार्थविज्ञानाचें अर्धें नोबेल पारितोषिक त्यांना व अल्फेरोव्ह यांना विभागून मिळालें. ८ मार्च २०२४ रोजीं ते निवर्तले.

“याचा उपयोग काय?” हा प्रश्न आपणहि आपल्या मुलांना फार लौकर विचारतों. क्रोमर यांच्या बाबतींत त्याचें उत्तर मिळण्यास सात वर्षें लागलीं, आणि तें दुसऱ्यांच्या हातून मिळालें. तो प्रश्न विचारण्यापूर्वीं थोडें थांबावें, एवढीच श्रोत्यांना विनंती.