पटकथेचा वर्तमानकाळ : मार्शल ल्यूई यांचा चित्रपटाकडून पॉडकास्टकडे प्रवास

स्वतंत्र चित्रपटाच्या दिग्दर्शकाने पुढे पॉडकास्ट-संस्थेत अधिकारी व्हावे, हे वरवर पाहता क्षेत्रांतर वाटते. अमेरिकी दिग्दर्शक मार्शल ल्यूई यांच्या कारकिर्दीत मात्र माध्यम बदलले तरी कथनाची एक रीत दोन्हीकडे आढळते. ती मुळात भाषेची असल्याने तिचा येथे विचार करू.

‘ब्लू स्टेट’ (२००७) आणि ‘कॅलिफोर्निया सोलो’ (२०१२) हे चित्रपट ल्यूई यांनी लिहिले व दिग्दर्शित केले. पहिल्याचा नायक, २००४ च्या निवडणुकीत बुश पुन्हा निवडून येताच, दिलेला शब्द पाळण्यासाठी कॅनडाकडे निघतो. दुसऱ्यात रॉबर्ट कार्लाइल यांनी लॅकलन हा एकेकाळचा स्कॉटिश गिटारवादक रंगवला आहे. लॉस एंजेलिसजवळच्या शेतमळ्यावर राबणारा हा माणूस दारू पिऊन गाडी चालवताना पकडला जातो आणि त्याच्यावर हद्दपारीची वेळ येते. हाच लॅकलन एकट्याने पॉडकास्ट करतो. विषय, थोर संगीतकारांचे मृत्यू.

पुढे ल्यूई स्वतः ‘वंडरी’ या संस्थेत आशयविभागाचे प्रमुख झाले. हर्नान लोपेझ यांनी २०१६ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेच्या ‘डर्टी जॉन’ (२०१७) आणि ‘डॉक्टर डेथ’ (२०१८) या श्राव्यमालिकांवरून नंतर दूरचित्रवाणी-मालिका निघाल्या.

‘वंडरी’च्याच ‘अमेरिकन हिस्ट्री टेलर्स’ या मालिकेत श्रोत्याला जुन्या काळातील एक व्यक्ती कल्पून थेट प्रसंगात उभे केले जाते, तेही वर्तमानकाळी क्रियापदांत. पटकथाही वर्तमानकाळातच लिहितात : दार उघडते, तो आत येतो. या शैलीचे श्रेय एकट्या ल्यूई यांचे नव्हे. पण पटकथाकाराला ती परकी वाटू नये, हे उघड आहे. आपल्यालाही ती परकी नाही. कीर्तनकार आख्यान रंगात आले की भूतकाळ सोडून वर्तमानकाळात शिरतो. मराठी व्याकरण याला ऐतिहासिक वर्तमान म्हणते.

या स्थित्यंतराची किंमतही आहे. चित्रपटावर दिग्दर्शकाची मुद्रा असते. पॉडकास्टच्या श्रोत्याला निवेदकाचा आवाज ओळखीचा असतो, आशयप्रमुखाचे नाव क्वचितच. शिवाय संस्था विकली जाते. डिसेंबर २०२० मध्ये ‘वंडरी’ विकत घेण्याची घोषणा ‘ॲमेझॉन’ने केली, ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच कंपनीने तिची मोडतोड करून सुमारे ११० जणांना कामावरून कमी केले. लॅकलनचा पॉडकास्ट लहान होता, पण त्याचा स्वतःचा होता.

बेळगाव, वडोदरा किंवा हैदराबाद येथील कित्येक घरांत मुले मराठी बोलतात, पण शाळेत दुसरी लिपी गिरवतात. त्यांच्यापर्यंत मराठी गोष्ट डोळ्यांआधी कानांनी पोहोचू शकते. ती सांगण्याची रीत आपल्याकडे आहेच. तिची ध्वनिमुद्रणे कोणाच्या मालकीची असावीत, हे मात्र आरंभीच ठरवायला हवे.