आद्रियानो पानात्ता
आद्रियानो पानात्ता (जन्म: ९ जुलै १९५०, रोम) हा इटलीचा निवृत्त व्यावसायिक टेनिसपटू आहे. १९७६ या एकाच वर्षात त्याने रोम येथील इटालियन ओपन आणि पॅरिस येथील फ्रेंच ओपन या स्पर्धांची एकेरीतील विजेतेपदे मिळवली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये इटलीला प्रथमच डेव्हिस करंडक जिंकून देणाऱ्या संघाचा तो प्रमुख आधार होता. ऑगस्ट १९७६ मध्ये तो जागतिक क्रमवारीत चौथ्या स्थानावर पोहोचला. त्याच्या कारकिर्दीत एकेरीची एकूण १० विजेतेपदे आहेत. फ्रेंच ओपनमध्ये ब्यॉन बोर्गला हरवणारा तो एकमेव खेळाडू असून त्याने हा पराक्रम दोनदा केला.

बालपण आणि सुरुवातीची वर्षे

पानात्ताचे वडील आशेन्झियो हे रोममधील पारिओली टेनिस क्लबचे रखवालदार होते. क्लबचे सभासद सधन वर्गातील होते. रखवालदाराच्या मुलाला कोर्ट उपलब्ध होत असे ते सभासदांचा खेळ आटोपल्यावर. वडिलांच्या नावावरून त्याला तेथे ‘आशेन्झिएत्तो’, म्हणजे धाकटा आशेन्झियो, असे म्हणत. पुढे देखणा, ऐटबाज आणि काहीसा आळशी खेळाडू अशी जी त्याची प्रतिमा वृत्तपत्रांनी रंगवली, तिच्यामुळे ही पार्श्वभूमी अनेकदा झाकली जाते. त्याचा धाकटा भाऊ क्लाउदियो हाही व्यावसायिक टेनिसपटू झाला.

त्या काळी इटालियन टेनिस म्हणजे निकोला पिएत्रांजेली असे समीकरण होते. १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रेंच ओपन जिंकणारा पिएत्रांजेली पानात्ताहून सतरा वर्षांनी मोठा होता आणि पारिओली क्लबमध्ये त्याने या मुलाला लहानपणापासून पाहिले होते. १९७० साली बोलोन्या येथे इटलीच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात वीस वर्षांच्या पानात्ताने त्याला पाच सेटमध्ये हरवले. पुढील वर्षी अंतिम सामन्यात पुन्हा हीच जोडी समोरासमोर आली आणि निकालही तोच लागला. त्याच सुमारास पानात्ताचे डेव्हिस करंडक संघात पदार्पण झाले.

१९७३ मध्ये तो फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत पोहोचला. तेथे निकोला पिलिचने त्याला हरवले. परंतु तत्पूर्वी चौथ्या फेरीत त्याने बोर्ग नावाच्या एका किशोरवयीन स्वीडिश खेळाडूला बाहेर काढले होते. त्या विजयाचे महत्त्व त्या वेळी कोणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते. १९७५ मध्ये पानात्ता पुन्हा उपांत्य फेरीत गेला आणि या वेळी बोर्गने त्याला हरवले. त्याच वर्षी स्टॉकहोम येथील अंतिम सामन्यात त्याने जिमी कॉनर्सवर मात केली.

खेळाची शैली

मातीच्या कोर्टवर चेंडूचा वेग कमी होतो आणि उसळी वाढते. त्यामुळे मागच्या रेषेजवळ उभे राहून चेंडू परतवत राहणारा चिवट खेळाडू तेथे सहसा वरचढ ठरतो. इटालियन खेळाडू बहुतेक याच मातीवर घडतात. पानात्ताही तेथेच घडला, पण त्याची वृत्ती मात्र गवतावरच्या खेळाडूची होती. जोरदार सर्व्हिस करून जाळीकडे धाव घ्यायची आणि व्हॉलीने गुण संपवायचा, ही त्याची पद्धत होती. बॅकहँडच्या बाजूने डोक्यावरून जाऊ पाहणारा उंच चेंडू तो हवेत झेपावून, पाठ जवळजवळ जाळीकडे वळवून व्हॉलीने मारीत असे. या फटक्याला इटालियन क्रीडापत्रकारांनी ‘वेरोनिका’ हे नाव दिले. बैलझुंजीत बैलाला हुलकावणी देताना झूल फिरवण्याच्या एका ढंगाचे हे नाव आहे.

हळुवार ‘ड्रॉप शॉट’ हे त्याचे दुसरे शस्त्र होते. बोर्गविरुद्ध ते विशेष उपयोगी पडले. मागच्या रेषेवर बोर्ग अभेद्य होता. त्याच्याशी तेथे फटक्यांची देवाणघेवाण करीत बसणे म्हणजे पराभव ओढवून घेणे. पानात्ता त्याला आखूड आणि खाली राहणारे चेंडू देऊन पुढे खेचत असे, किंवा संधी मिळताच स्वतः जाळी गाठत असे. बोर्गला आवडती लय सापडू न देणे हे त्यामागचे सूत्र होते. ही युक्ती सांगायला सोपी वाटते. परंतु ती अमलात आणण्याइतका मनगटातील हळुवारपणा फार थोड्यांकडे होता.

या शैलीची किंमतही होती. धोका पत्करून खेळणाऱ्याच्या चुका अधिक होतात. पानात्ताचा खेळ एका आठवड्यात अत्युच्च, तर पुढच्या आठवड्यात सामान्य असा हेलकावे खात राही. सरावाची त्याला फारशी आवड नव्हती, हे त्याने स्वतःही लपवले नाही.

१९७६: रोम आणि पॅरिस

मे १९७६ मध्ये रोम येथील स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत ऑस्ट्रेलियाच्या किम वॉरिकविरुद्ध पानात्ता जवळजवळ हरला होता. वॉरिकला तब्बल ११ मॅच पॉइंट मिळाले. पानात्ताने ते सर्व वाचवले आणि सामना जिंकला. उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेचा हॅरोल्ड सॉलोमन निर्णायक सेटमध्ये ५–४ ने पुढे असताना रेषेवरील एका निर्णयावरून चिडला आणि कोर्ट सोडून निघून गेला. रोमचे प्रेक्षक घरच्या खेळाडूच्या बाजूने उघडपणे गोंगाट करीत आणि रेषापंचही त्यांच्या दडपणाखाली असत, अशी तक्रार त्या काळी अनेक परदेशी खेळाडू करीत असत. अंतिम सामन्यात पानात्ताने अर्जेंटिनाच्या गिलेर्मो विलासला २–६, ७–६, ६–२, ७–६ असे हरवले. १९६१ मध्ये पिएत्रांजेली जिंकल्यानंतर ही स्पर्धा जिंकणारा तो पहिलाच इटालियन पुरुष ठरला.

पॅरिसची स्पर्धा लगेचच सुरू झाली. तेथेही पहिल्या फेरीतच तो संकटात सापडला. चेकोस्लोव्हाकियाच्या पावेल हुत्काने सामना पाचव्या सेटमध्ये नेला आणि त्याला मॅच पॉइंट मिळाला. पानात्ताने झेप घेऊन मारलेल्या व्हॉलीने तो वाचवला आणि अखेरीस हा सेट १२–१० असा जिंकला. उपांत्यपूर्व फेरीत त्याच्यासमोर बोर्ग होता. मागील दोन वर्षांच्या विजेत्याला पानात्ताने ६–३, ६–३, २–६, ७–६ असे पराभूत केले. उपांत्य फेरीत एडी डिब्सचा अडसर त्याने तीन सेटमध्येच दूर केला. अंतिम सामन्यात प्रतिस्पर्धी होता तो रोममध्ये रागावून निघून गेलेला सॉलोमन. या वेळी वाद झाला नाही. पानात्ताने ६–१, ६–४, ४–६, ७–६ असा विजय मिळवला.

बोर्गने फ्रेंच ओपन एकूण सहा वेळा जिंकली. या स्पर्धेत तो ४९ सामने जिंकला आणि केवळ दोन हरला. ते दोन्ही पानात्ताविरुद्धचे.

सान्तियागोचा अंतिम सामना

डेव्हिस करंडक ही देशांच्या संघांमधील स्पर्धा आहे. एका लढतीत चार एकेरी आणि एक दुहेरी असे पाच सामने त्या काळी होत आणि तीन जिंकणारा संघ विजयी ठरे. १९६० आणि १९६१ मध्ये इटलीचा संघ अंतिम फेरीत ऑस्ट्रेलियाकडून हरला होता. १९७६ मध्ये रोम येथे त्याच ऑस्ट्रेलियाला ३–२ असे हरवून इटलीने पुन्हा अंतिम फेरी गाठली. जॉन न्यूकोम्बविरुद्धचा अखेरचा निर्णायक सामना पानात्ताने जिंकला. संघात त्याच्याशिवाय कोर्रादो बाराझ्झुत्ती, पाओलो बेर्तोलुच्ची आणि तोनिनो झुगारेल्ली हे खेळाडू होते. पिएत्रांजेली न खेळणारा कर्णधार होता.

दुसरीकडे चिलीचा संघ उपांत्य फेरीत न खेळताच पुढे आला होता, कारण सोव्हिएत संघाने त्याच्याशी खेळण्यास नकार दिला. ११ सप्टेंबर १९७३ रोजी चिलीतील साल्वादोर आयेंदे यांचे लोकनियुक्त सरकार लष्कराने उलथवले आणि जनरल आउगुस्तो पिनोशे याची हुकूमशाही सुरू झाली. त्यानंतरच्या आठवड्यांत सान्तियागोचे राष्ट्रीय क्रीडासंकुल बंदिशाळा म्हणून वापरले गेले. हजारो लोकांना तेथे डांबून त्यांचा छळ करण्यात आला, काहींना ठार मारण्यात आले. डेव्हिस करंडकाचा अंतिम सामना याच संकुलात व्हायचा होता.

इटलीत यावरून मोठा वाद पेटला. डाव्या पक्षांनी, कामगार संघटनांनी आणि अनेक कलावंतांनी संघ पाठवू नये अशी मागणी केली. मोर्चे निघाले. आंद्रेओत्ती सरकारने स्वतः निर्णय घेण्याचे टाळून तो क्रीडासंघटनांवर सोपवला. पिएत्रांजेलीने दूरचित्रवाणीवरून आणि वृत्तपत्रांतून संघ गेलाच पाहिजे अशी बाजू मांडली. इटलीने माघार घेतली तर करंडक न खेळता चिलीला मिळेल आणि हुकूमशहाला तो मिरवता येईल, हा त्याच्या पक्षाचा मुख्य मुद्दा होता. चिलीतील भूमिगत कम्युनिस्टांनीही बहिष्कार नको असा निरोप इटालियन कम्युनिस्ट पक्षाचा नेता एन्रिको बेर्लिंग्वेर याच्याकडे पाठवला होता, असे नंतरच्या आठवणींतून सांगितले गेले आहे. अखेर संघ रवाना झाला.

हा प्रश्न भारतीय वाचकाला अपरिचित नाही. १९७४ मध्ये भारताने पुणे येथे सोव्हिएत संघाला हरवून डेव्हिस करंडकाची अंतिम फेरी गाठली होती. समोर वर्णद्वेषी राजवटीचा दक्षिण आफ्रिका होता आणि भारताने खेळण्यास नकार दिला. करंडक न खेळता दक्षिण आफ्रिकेकडे गेला. त्याच वर्षी उपांत्य फेरीत इटलीचा संघ मात्र जोहान्सबर्गला जाऊन दक्षिण आफ्रिकेशी खेळला होता आणि हरला होता. म्हणजे पिएत्रांजेली ज्या परिणामाची भीती घालत होता, तो दोनच वर्षांपूर्वी घडून गेला होता. भारताने तो जाणूनबुजून पत्करला होता. दोन्ही भूमिकांना आपापली बाजू आहे. मात्र ‘खेळात राजकारण नको’ एवढेच म्हणून यांपैकी कोणताही निर्णय समजून घेता येत नाही.

१७ ते १९ डिसेंबर १९७६ या दिवसांत लढत झाली. पहिल्या दिवशी बाराझ्झुत्तीने हाइमे फियोलला आणि पानात्ताने पात्रिसियो कोर्नेहोला हरवले. दुसऱ्या दिवशी दुहेरीत पानात्ता आणि बेर्तोलुच्ची खेळायचे होते. पानात्ताच्या सूचनेवरून दोघेही लाल रंगाचे सदरे घालून कोर्टवर उतरले. लाल हा डाव्या चळवळीचा रंग होता आणि समोर पिनोशेच्या राजवटीचे प्रतिनिधी बसलेले होते. बेर्तोलुच्ची आधी तयार नव्हता, परंतु मित्राच्या आग्रहापुढे त्याने मान तुकवली. सामन्याच्या उत्तरार्धात दोघांनी पुन्हा निळे सदरे चढवले. पहिला सेट गमावूनही त्यांनी फियोल आणि कोर्नेहो यांच्यावर ३–६, ६–२, ९–७, ६–३ असा विजय मिळवला आणि करंडक इटलीचा झाला. अखेरच्या दिवशी पानात्ताने फियोललाही हरवले. अंतिम गुणफलक ४–१ असा राहिला.

त्या लाल सदऱ्यांची त्या वेळी जवळजवळ कोणीच दखल घेतली नाही. इटलीत दूरचित्रवाणीचे नियमित रंगीत प्रक्षेपण फेब्रुवारी १९७७ मध्ये सुरू झाले. त्यामुळे घरोघरी सामना पाहणाऱ्यांना सदरे केवळ गडद दिसले. मायदेशी परतल्यावर विजेत्यांचे स्वागतही थंडेच झाले. या कृतीची चर्चा खऱ्या अर्थाने अनेक दशकांनंतर सुरू झाली. २००९ मध्ये दिग्दर्शक मिम्मो कालोप्रेस्ती याने ‘ला माल्येत्ता रोस्सा’ (लाल सदरा) हा माहितीपट काढला, तर २०२२ मध्ये दोमेनिको प्रोकाच्ची याने या संघावर ‘उना स्क्वाद्रा’ (एक संघ) ही माहितीपट मालिका तयार केली.

उत्तरकाळ

१९७६ सारखे वर्ष पानात्ताच्या वाट्याला पुन्हा आले नाही. १९७७ मध्ये त्याने ह्यूस्टन आणि १९७८ मध्ये टोकियो येथील स्पर्धा जिंकल्या. १९७८ च्या रोम स्पर्धेत तो पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला, पण तेथपर्यंतचा प्रवास वादग्रस्त होता. उपांत्य सामन्यात प्रेक्षकांनी स्पेनच्या होसे इगेरासवर नाणी फेकली आणि तो सामना अर्धवट सोडून निघून गेला. अंतिम सामन्यात बोर्गलाही तोच अनुभव आला. तरीही त्याने पाच सेटमध्ये विजय मिळवला.

त्याच वर्षी अमेरिकन ओपनच्या चौथ्या फेरीत कॉनर्सविरुद्धचा त्याचा सामना पाचव्या सेटमध्ये ७–५ पर्यंत गेला. कोर्टच्या बाहेरून धावत येऊन कॉनर्सने जाळीच्या खांबाला वळसा घालून मारलेला एकहाती बॅकहँड आजही दाखवला जातो. तो फटका बसला तो पानात्ताविरुद्ध. गवतावर त्याची सर्वोत्तम कामगिरी १९७९ ची होती. त्या वर्षी विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत तो अमेरिकेच्या पॅट डु प्रेकडून हरला. गवताला साजेसा खेळ असूनही तेथे त्याला याहून पुढे जाता आले नाही, ही त्याच्या कारकिर्दीतील एक विसंगती म्हणावी लागेल.

डेव्हिस करंडकाच्या अंतिम फेरीत इटलीचा संघ १९७७, १९७९ आणि १९८० मध्येही पोहोचला, परंतु अनुक्रमे ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि चेकोस्लोव्हाकिया यांच्याकडून पराभूत झाला. १९७७ मध्ये सिडनी येथे जॉन अलेक्झांडरने पानात्ताला पाचव्या सेटमध्ये ११–९ असे हरवले. १९८० मध्ये प्राग येथे तोमाश श्मीदविरुद्ध पहिले दोन सेट जिंकूनही तो पराभूत झाला. या स्पर्धेत त्याने एकेरी आणि दुहेरी मिळून १०० सामने खेळले व त्यांपैकी ६४ जिंकले. एकेरीतील त्याचे अखेरचे विजेतेपद १९८० मधील फ्लॉरेन्सचे होय. १९८३ मध्ये तो निवृत्त झाला.

निवृत्तीनंतर

१९८४ ते १९९७ या काळात पानात्ता इटलीच्या डेव्हिस करंडक संघाचा न खेळणारा कर्णधार होता. वेगवान मोटारबोटींच्या शर्यतींतही त्याने भाग घेतला. त्याचे ‘पिऊ द्रित्ती के रोवेशी’ हे आत्मकथन २००९ मध्ये प्रकाशित झाले.

महिलांमध्ये फ्रान्चेस्का स्कियावोनेने २०१० मध्ये फ्रेंच ओपन जिंकून इटलीला पुन्हा ग्रँड स्लॅम एकेरीचे विजेतेपद मिळवून दिले. पुरुषांना मात्र बरीच वाट पाहावी लागली. २०२३ मध्ये यानिक सिन्नर क्रमवारीत चौथ्या स्थानावर आला तेव्हा पानात्ताच्या विक्रमाशी बरोबरी झाली. त्याच वर्षी मालागा येथे इटलीने दुसऱ्यांदा डेव्हिस करंडक जिंकला आणि जानेवारी २०२४ मध्ये सिन्नरने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. पॅरिसमधील १९७६ च्या विजयानंतर एखाद्या इटालियन पुरुषाने मिळवलेले ते पहिले ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपद होते.