‘ऑस्टिओपॅथी’चा कोर्स करू का? फी भरण्याआधी थोडं ऐका

मी भिवंडीच्या टेमघरमधून बोलते आहे. बचत गटांचं समन्वयाचं काम करते. गटाच्या बैठकीत कर्जाचे अर्ज येतात ते बहुतेक ठरलेले असतात. पावसाआधी घराचं छप्पर, शिलाई मशीन, आजारपण, लग्न. यंदा जूनच्या बैठकीत मात्र एक वेगळाच अर्ज आला. आमच्या गटातल्या एका ताईंनी चाळीस हजार रुपये मागितले. कशासाठी, तर मुलीला ‘ऑस्टिओपॅथी’ला घालायचंय.

बैठकीत सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. हे काय नवीन? ताई म्हणाल्या, “हाडाचा डॉक्टर गं!” मुलगी बारावी सायन्स झालेली. नीटची परीक्षा दिली, पण गुण कमी पडले. घरात सगळे नाराज असतानाच कुणीतरी एक रंगीत पत्रक आणून दिलं. एक वर्षाचा डिप्लोमा, फी पंच्याऐंशी हजार, नोकरीची हमी, परदेशात संधी, आणि नावापुढे डॉक्टर. निम्मे पैसे ताईंनी कानातलं गहाण ठेवून उभे करायचं ठरवलं होतं. उरलेले गटाकडून हवे होते.

मी बीए झालेली, मला यातलं काही कळत नव्हतं. म्हणून अर्ज पुढच्या बैठकीवर ठेवला. ताई रागावल्या. “दुसरीच्या म्हशीला लगेच पैसे देता, माझ्या पोरीच्या शिक्षणाला नाही,” असं म्हणाल्या. त्यांचं म्हणणं मला लागलं. मग पंधरा दिवस मी विचारपूस केली, वाचलं, फोन केले. त्यात जे समजलं ते आज सांगते, कारण असली पत्रकं फक्त टेमघरात येतात असं नाही.

आधी हा शब्द कुठून आला ते बघू. अमेरिकेत मिसूरी नावाचं राज्य आहे. तिथे अँड्र्यू टेलर स्टिल नावाचे एक डॉक्टर होते. 1864 साली मेंदूज्वराच्या साथीत त्यांच्या घरातली तीन मुलं गेली. स्वतः डॉक्टर असून काही करता आलं नाही. त्या काळात औषध म्हणून पारा आणि अफूसुद्धा देत. स्टिल यांचा त्या औषधांवरून विश्वास उडाला. शरीराची हाडं, सांधे, स्नायू यांची रचना नीट असेल तर शरीर स्वतःच बरंचसं सावरतं, असं त्यांचं मत झालं आणि ते हातांनी उपचार करू लागले. 1892 साली त्यांनी कर्क्सव्हिल या छोट्या गावात शाळा काढली. त्या शाळेत पहिल्या वर्गापासून मुलींना प्रवेश होता.

ही गोष्ट मला विशेष वाटली. आपल्या शेजारच्या कल्याणला 1865 साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी 1886 मध्ये अमेरिकेतच डॉक्टर झाल्या. पण त्या शिकल्या ते फिलाडेल्फियाचं कॉलेज फक्त बायकांसाठी काढलेलं होतं, कारण बहुतेक कॉलेजं बायकांना घेतच नव्हती. पुढच्याच वर्षी, बावीस वर्षांच्याही झाल्या नव्हत्या तेव्हा, आनंदीबाई गेल्या. कल्याणला बाजाराला जाताना आपल्या किती जणींना हे आठवतं, देव जाणे.

तर स्टिल यांची ती एक शाळा वाढत गेली. आज अमेरिकेत ऑस्टिओपॅथीची चाळीसच्या आसपास वैद्यकीय कॉलेजं आहेत आणि तिथे डॉक्टरकी शिकणाऱ्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त विद्यार्थी याच कॉलेजांत आहेत. आधी पदवी, मग चार वर्षांचं वैद्यकीय शिक्षण, मग रुग्णालयात किमान तीन वर्षं प्रशिक्षण. हे डॉक्टर औषधं लिहून देतात, ऑपरेशन करतात, बाळंतपणं करतात. हातांनी करायचे उपचार ते जास्तीचे शिकतात, एवढाच फरक. 2020 पासून तर रुग्णालयातल्या प्रशिक्षणाची व्यवस्था इतर डॉक्टरांची आणि त्यांची एकच झाली आहे.

तिथे या कॉलेजांचा विस्तार कसा झाला, हे आपल्या कामाचं आहे. त्यातली बरीच कॉलेजं मोठ्या शहरांत न काढता जिथे डॉक्टर टिकत नाहीत अशा भागात काढली. केंटकी राज्यात कोळशाच्या खाणींचा डोंगराळ भाग आहे. तिथल्या पाइकव्हिल गावात 1997 मध्ये असं कॉलेज सुरू झालं. हिशोब साधा. त्या भागातली मुलं तिथेच शिकली, तिथल्याच दवाखान्यांत हात बसला, तर त्यातली काही तिथेच राहतील. आपल्या खेड्यातल्या आरोग्य केंद्रात डॉक्टर का टिकत नाही यावर आपण बैठकीत तासन्‌तास बोलतो. त्याचं निदान अर्धं उत्तर तरी यात आहे, असं मला वाटतं.

आता गोंधळ कुठे होतो ते ऐका. हाच शब्द इंग्लंडमध्ये वापरला की अर्थ बदलतो. तिथला ऑस्टिओपॅथ म्हणजे आपण म्हणतो तसा डॉक्टर नव्हे. तो हातांनी पाठीचे, मानेचे, सांध्यांचे उपचार करतो. पण त्यालाही काही वर्षांची पदवी लागते. 1993 च्या कायद्याने तिथे परिषद नेमली आहे आणि तिच्याकडे नोंदणी नसेल तर स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवून घेता येत नाही.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे ओडिशात कटकजवळच्या श्री श्री विद्यापीठात या विषयाचं काही वर्षांचं शिक्षण आहे, आणि काही फिजिओथेरपिस्टही पुढे हे तंत्र शिकतात. पण एमबीबीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी यांना जशी परिषद आणि नोंदणी असते, तशी ऑस्टिओपॅथीच्या डॉक्टरची नोंदणी करणारी परिषद भारतात नाही. म्हणजे एक वर्षाच्या डिप्लोमावर ना डॉक्टर होता येतं, ना त्या कागदावर सरकारी दवाखान्यात जागा मिळते. परदेशाची तर गोष्टच सोडा. अमेरिकेत तिथलं पूर्ण वैद्यकीय शिक्षण लागतं, इंग्लंडमध्ये त्यांची नोंदणी.

मी पत्रकावरच्या नंबरवर फोन करून विचारलं, “कोर्स झाल्यावर नोंदणी कुठल्या परिषदेत होते?” समोरचा म्हणाला, “मॅडम, आमचं सर्टिफिकेट इंटरनॅशनल आहे.” मी पुन्हा तेच विचारलं. तो म्हणाला, “सीट थोड्याच राहिल्यात, आज हजार रुपये भरून ठेवा.” मला उत्तर मिळालं.

मग मुलीने करायचं काय? हाडं, सांधे, स्नायू यांच्याच कामात तिला जायचं असेल, तर आपल्याकडे त्याचा पक्का रस्ता आहे आणि तो मुंबईतच सुरू झाला. 1950 साली परळच्या केईएम रुग्णालयात कमलाबाई निंबकर यांनी ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली. कमलाबाई मूळच्या अमेरिकन, लग्न करून निंबकरांच्या घरात आलेल्या. लकव्यानंतर किंवा अपघातानंतर माणसाला पुन्हा जेवणं, कपडे घालणं, काम करणं जमावं म्हणून जे शिकवतात, ते हे शास्त्र. पाठोपाठ दोन-तीन वर्षांत तिथेच फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. पोलिओने अधू झालेल्या मुलांसाठी त्या वेळी अशा माणसांची फार गरज होती. आज केईएम, नायर आणि सायन या महापालिकेच्या तिन्ही रुग्णालयांच्या कॉलेजांत फिजिओथेरपीची पदवी आहे. शिवाय राज्यभर खासगी कॉलेजं आहेत. ती नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत की नाहीत, एवढं पाहून घ्यायचं.

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवं आणि नीट दिलेली हवी. एमबीबीएसला लागतात त्याहून बऱ्याच कमी गुणांवर इथे प्रवेश मिळतो. म्हणजे ज्या गुणपत्रिकेमुळे ताईंच्या घरात रडारड झाली, ती अगदीच वाया गेलेली नव्हती! आजवर हा अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांचा होता. आता 2021 च्या कायद्याने फिजिओथेरपी, लॅब तंत्रज्ञ, एक्स-रे तंत्रज्ञ अशा सगळ्यांसाठी राष्ट्रीय आयोग नेमला आहे. त्या आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात हीच पदवी पाच वर्षांची आहे. पदवीनंतर राज्याच्या परिषदेत नोंदणी होते.

एवढी वर्षं नकोत, लवकर कमावती व्हायचं आहे, असं असेल तर नर्सिंग आहे. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, आणि या दोन्हींना सायन्सच हवं असं नाही. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, त्याला मात्र सायन्स लागतं आणि राज्याची वेगळी प्रवेश परीक्षा असते. आपल्या ठाणे जिल्ह्यात जागाही वाढताहेत. कळव्याचं महापालिकेचं मेडिकल कॉलेज 1992 पासून आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात दहा सरकारी मेडिकल कॉलेजं एकदम सुरू झाली, एमबीबीएसच्या नऊशे जागा वाढल्या. त्यातलं एक अंबरनाथला आहे, शंभर जागांचं. कॉलेजमागे मोठं रुग्णालय येतं आणि रुग्णालयाला डॉक्टरांपेक्षा कितीतरी जास्त नर्स आणि तंत्रज्ञ लागतात.

आता पैशाचं. ही गोष्ट कळली तेव्हा मी ताईंना त्याच रात्री फोन केला. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाप्रमाणे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. वैद्यकीय शिक्षण विभागाचे अभ्यासक्रमही त्यात येतात. आपल्याकडच्या आगरी, कुणबी घरांना हे लागू होतं, आणि भिवंडीतल्या विणकर मोमीन-अन्सारी घरांनाही, कारण तेही ओबीसीत आहेत. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पण एक अट नीट लक्षात ठेवा. प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, म्हणजे कॅप राउंडमधूनच झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून थेट जागा घेतली तर माफी नाही. अभिमत आणि खासगी विद्यापीठांनाही ती नाही. बस, मेस, पुस्तकं, वसतिगृह हा खर्च आपलाच राहतो, तो कमी नसतो.

आणि कागद! उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, आणि सगळ्यात वेळखाऊ म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. वडिलांच्या, आजोबांच्या शाळेच्या दाखल्यांपर्यंत मागे जावं लागतं. अकरावीत असतानाच अर्ज करा. बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ करणाऱ्या किती मुलींच्या हातून जागा गेल्यात, ते मी पाहिलंय.

थोडं विषय सोडून बोलते, पण राहवत नाही. या मुलीला हाडांच्याच कामात का जायचं होतं? तिची आई लूमच्या कारखान्यात बारा-बारा तास कांड्या भरते. रात्री पाठ धरते. मुलगी तेल चोळून देते, त्यातून तिला वाटलं, हे नीट शिकावं. कारखाना, गोदामातलं उचलणं, आवणीचं वाकणं, आपल्यात पाठ न दुखणारी बाई शोधावी लागेल. उसण भरली की आपण हाडवैद्याकडे जातो, चोळून घेतो. कधी बरं वाटतंही. पण पाय बधिर पडत असेल, लघवीवरचा ताबा गेला असेल, ताप असेल, वजन उतरत असेल, किंवा म्हातारी बाई पडली असेल, तर कुणालाही चोळू देऊ नका, दाबू देऊ नका. थेट मोठं रुग्णालय गाठा.

पुढच्या बैठकीत ताईंचा जुना अर्ज त्यांनीच मागे घेतला आणि नवा दिला, सहा हजारांचा. दाखल्यांची धावपळ, झेरॉक्स, प्रवेशाचे अर्ज, परळला दोन-तीन खेपा यासाठी. दोन टक्के व्याजाने सर्वांनी मंजूर केला, ठरावाच्या वहीत सह्या झाल्या. कानातलं कानातच आहे. मुलीने फिजिओथेरपीला पहिली पसंती दिली आहे आणि खाली जीएनएमचाही अर्ज भरून ठेवला आहे. जात वैधतेच्या कामात आजोबांच्या दाखल्यावर आडनाव वेगळं निघालंय, त्यासाठी सोमवारी आम्ही दोघी त्यांच्या जुन्या शाळेत जाणार आहोत.